सासूबाईंच्या इंजिनाचे दोन आटे

बोटीचं इंजिन दुरुस्तीला आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो. "फुल रेसवर किती वेळा चालवता?"

गेल्या एकोणीस वर्षांत या प्रश्नाला मला खरं उत्तर फक्त एकदा मिळालं. ते माझ्या सासूबाईंनी दिलं. ते ऐकून मी जे केलं त्याची अजून लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलोय.

बाकी सगळे थापा मारतात. आमचे शाळामास्तर सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन नदीत जातात. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला ते बाकावर उभं करतात, पण माझ्या टपरीत आले की म्हणतात, "छे छे! मी आपला निम्म्यावर असतो." प्लग काढून बघावा तर पांढराफटक, भाजून निघालेला. हार्डवेअरवाले शेठ तर उलट मलाच विचारतात, "फुल म्हणजे नेमकं किती हो?" जणू त्यांना रेसची मूठ तिथवर पिळता येते हेच ठाऊक नाही. प्लग मात्र थाप मारत नाही. मूठ सारखी शेवटपर्यंत पिळली की तो पांढरा पडतो, फारच भीत भीत चालवली की काळा आणि ओला होतो, आणि सगळं प्रमाणात असलं की बिस्किटासारखा तांबूस निघतो. असा तांबूस प्लग वर्षातून एखादा हाती लागतो.

मी स्वतः पाऊण माणूस आहे. जेवतो पाऊण पोट, हसतो पाऊण तोंडाने, आणि भांडणात पाऊण वाक्य बोलून उरलेलं गिळतो. बायको म्हणते, "तुमच्याशी भांडण्यात राम नाही. ऐन रंगात आलं की तुम्ही भाजी आणायला जाता." माझी स्वतःचीही एक छोटी बोट आहे. ती मी इतकी जपून चालवतो की एकदा काठाने चालत निघालेल्या पोस्टमनने मला रामराम केला, पुढे गेला, टपाल टाकलं, आणि परत येताना पुन्हा रामराम केला. मी अजून त्याच वडाच्या समोर होतो.

असा माणूस इंजिनाचा डॉक्टर झाला की तो दुसऱ्यांनाही पथ्यावर ठेवणारच. मी उपदेश करायचो, लोक माना डोलवायचे आणि धक्क्यावरून निघाल्या निघाल्या मूठ पिळायचे. मग पिस्टन जळाला की माझ्याच नावाने शंख. एकाने तर भर बाजारात सांगितलं, "याने हात लावला आणि इंजिन गेलं." चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या दिवशी मला एक शक्कल सुचली.

मुठीपासून कार्बोरेटरपर्यंत एक केबल जाते. तिच्या टोकाला एक नट असतो. तो दोन आटे ढिला केला की मालक मूठ शेवटपर्यंत पिळतो, आवाजही वाढतो, पण आतली झडप पाऊणच उघडते. मालकाला वाटतं, आपण वाऱ्याशी शर्यत लावलीय. इंजिन मात्र पथ्यावर. सर्व्हिसिंगला आलेल्या बोटी मी एकेक करून अशा सुधारल्या. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. बिघाड कमी झाले आणि लोक म्हणू लागले, माझ्या हाताला गुण आहे. मी मान खाली घालून, विनयाने ऐकून घ्यायचो. विनय तेवढा माझ्याकडे पाऊण नाही, चांगला शिगोशीग आहे.

आता सासूबाईंकडे येतो.

सासूबाई नदीवर फेरीची बोट चालवतात. अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाला, दिवसातून नऊ वेळा. सव्वीस वर्षांपूर्वी सासरे तापाने गेले तेव्हा बोट विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतः मुठीवर जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी बोटीत दोनच माणसं चढली. त्यातली एक माझी बायको, वय वर्षं बारा, आणि दुसरा एक आंधळा गवई. बायको ही गोष्ट सांगताना अजून हसते, सासूबाई मात्र म्हणतात, "गवयाने पलीकडे उतरताना सांगितलं, बाई, आज बोट डुलली नाही. त्याच्या जोरावर मी पुढची वर्षं काढली."

आता वय बासष्ट. पायात रबरी बूट, चष्म्याला दोरी, आवाज कधी चढत नाही. जाडजूड माणसाला बोटीच्या मध्यावर बसवायचं असलं तर "तुमचं वजन जास्त आहे" असं त्या म्हणत नाहीत. "तुम्ही इथे बसा, इथे वारा छान लागतो," म्हणतात. हार्डवेअरवाले शेठ वीस वर्षं त्या वाऱ्यात बसताहेत आणि त्यांना अजून पत्ता नाही.

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली तरी सासूबाईंनी इंजिन कधी माझ्याकडे आणलं नव्हतं. माझ्या वस्तादांकडेच न्यायच्या, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो. "घरच्या माणसाला काम देऊ नये, चुकलं तर बोलता येत नाही," असं त्या तोंडावर सांगायच्या. मला राग यायचा. पण आठ महिन्यांपूर्वी वस्तादांना डोळ्यांनी दिसेनासं झालं, दुकान बंद झालं, आणि एका सकाळी सासूबाई माझ्या टपरीत येऊन स्टुलावर बसल्या.

मी प्लग काढला. तांबूस, कोरडा, एकसारखा. भिंतीवर टांगून ठेवावा असा. तरी सवयीने विचारलं, "आई, फुल रेसवर किती वेळा नेता?"

"रोज एकदा."

माझ्या हातातला पाना खाली पडला. "रोज?"

"शेवटच्या फेरीला परत येताना बोट रिकामी असते ना, तेव्हा. दोन मिनिटं. सहसा चुकवत नाही."

"असं करू नका हो. इंजिनाचं आयुष्य कमी होतं."

"तुमच्या वस्तादांनीच सांगितलंय, जावईबापू. दिवसभर भरल्या बोटीने हळू चालवता, मग एकदा तरी मोकळं पळू द्या, आतली काजळी जळून जाते."

वस्तादांना वयोमानाने विसर पडला असेल, असं मी मनात म्हटलं. खरं म्हणजे विसर मला पडला होता. वस्ताद गिऱ्हाईक बघून बोलायचे. धसमुसळ्याला सांगायचे, मूठ आवर. भित्र्याला सांगायचे, जरा पळव. मी दोन्ही ऐकलं होतं, पण त्यातलं जे माझ्या स्वभावाला मानवलं तेवढंच घेतलं. सासूबाई चहाला गेल्या आणि मी त्यांच्या केबलचा नट दोन आटे ढिला केला. प्लग समोर तांबूस पडलेला होता. मला तो दिसत होता. तरी केला.

तीन महिन्यांनी सासूबाई म्हणाल्या, "जोर कमी वाटतो."

"वय झालं," मी म्हणालो.

"कोणाचं?"

"इंजिनाचं हो, आई!" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. प्लग काढला तर काळा. मी पुसून परत लावला आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीने सांगितलं की आता जपून चालवा.

मग धक्क्यावर नवीन वेळापत्रक लागलं. पलीकडच्या काठाहून बसगाड्या सुटू लागल्या होत्या, म्हणून फेरीच्या बोटीने भरल्या वजनानिशी बारा मिनिटांत नदी ओलांडली पाहिजे, असा नियम आला. चौदा माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरून धक्क्याचे साहेब घड्याळ लावणार. दोन संधी, मधे आठ दिवस. दोन्हींत जमलं नाही तर फेरी दुसऱ्या बोटीला जाणार. दुसरी बोट तयारच होती, दोन नव्याकोऱ्या इंजिनांची, रोज संध्याकाळी नदीत मिरवायची.

तुम्ही म्हणाल, आता तरी या शहाण्याने नट घट्ट करायचा. मी तसं केलं नाही. मी एका दुपारी सासूबाईंची बोट स्वतः पलीकडे नेऊन बघितली. साडेअकरा मिनिटं लागली. पास! बोटीत त्या वेळी मी एकटा होतो आणि माझं वजन बावन्न किलो आहे, ही बारीकशी गोष्ट माझ्या हिशेबातून निसटली. शिवाय मनात भीती होती की केबल घट्ट केली तर सासूबाईंना फरक जाणवेल आणि त्या विचारतील.

मंगळवारी पहिली चाचणी झाली. तेरा मिनिटं पन्नास सेकंद. साहेब तरुण होते, सज्जन होते, त्यांनाच वाईट वाटलं. बोट परत आली तेव्हा सासूबाई मुठीवरून उठल्या नाहीत. धक्क्यावर उभं राहून मी म्हणालो, "वारा आडवा होता."

"वारा कुठे होता?" बायको म्हणाली.

झाडाचं पानही हलत नव्हतं. मी भाजी आणायला गेलो.

गुरुवारी बायकोने बातमी आणली. सासूबाई दुसऱ्या चाचणीला जाणार नव्हत्या. फेरी सोडत असल्याचा अर्जही त्यांनी लिहून ठेवला होता. मी घाबरलो, पण गप्प राहूनच सगळं निस्तरायचा बेत केला. बोट टपरीत आणवली. इंजिन उघडलं तर आत काजळीचा थर, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या. शनिवारपर्यंत बसून सगळं खरवडलं, धुतलं, रिंगा मोकळ्या केल्या, नवे प्लग लावले आणि नट दोन आटे घट्ट केला. आता सासूबाई जिंकतील, लोक म्हणतील जावयाने जादू केली, आणि माझं बिंग झाकलेलंच राहील. रविवारी सकाळी मी ऐटीत त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या पाटावर बसून लसूण सोलत होत्या. बायको ओट्याशी उभी होती.

"आई, इंजिन एकदम नवं झालंय. मंगळवारी चाचणीला चला."

"इंजिनाचं काय घेऊन बसलात, जावईबापू. इंजिनात काही नव्हतंच." त्यांनी सोललेली पाकळी वाटीत टाकली. "मूठ शेवटपर्यंत पिळते असं मला वाटतं, पण बोट उचलत नाही. म्हणजे हात तिथवर जातच नसणार. सहा महिने बघतेय. आपलं आपल्याला कळतं. ज्या बाईला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही, तिने चौदा माणसं पाण्यात नेऊ नयेत."

बायकोने तोंड फिरवलं. ती रडत होती, आणि मी दारात उभा होतो, माझ्या त्या गुणी हातांनिशी. इंजिन दुरुस्त करून भागणार नव्हतं. मी बिघडवलं होतं ते वेगळंच.

"आई, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. केबल ढिली होती."

"ढिली कशी झाली? सुटली, की कुणी केली?"

किती सोपी पळवाट होती. "सुटली" एवढं म्हणायचं होतं. माझी जीभ त्या शब्दापर्यंत गेलीसुद्धा. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि रोज एकदा, असं त्यांनी मला सरळ सांगितलं होतं.

"मी केली. आठ महिन्यांपूर्वी. इंजिन टिकावं म्हणून."

"आईच्या?" बायको म्हणाली. "अहो, आईच्या इंजिनाला?"

सासूबाईंनी आणखी तीन पाकळ्या सोलल्या. मी मोजल्या. मग त्या म्हणाल्या, "आणखी किती जणांच्या केल्यात?"

"दहा."

"उठा. बोटीवर चला."

त्यांनी मला इंजिनाचं झाकण काढायला लावलं, नट कुठला ते दाखवायला लावलं आणि पाना माझ्या हातातून घेतला. आधी स्वतः दोन आटे ढिला केला. बोट पाण्यात काढली, मूठ शेवटपर्यंत पिळली आणि म्हणाल्या, "हं. हेच ते." परत थांबवून नट घट्ट केला आणि पुन्हा पिळली. बोटीचं तोंड वर उचललं गेलं आणि मी फळीवरून मागे उताणा पडलो. मला उठवायला त्या थांबल्या नाहीत. दोन मिनिटं तशीच नेली. चष्म्याची दोरी वाऱ्यावर उडत होती. मी पडल्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होतो. त्या आपल्याच मुठीकडे बघत होत्या.

मंगळवारी अकरा मिनिटं दहा सेकंद. धक्क्यावर टाळ्या पडल्या. साहेबांनी विचारलं, "आजी, नवीन इंजिन बसवलं का?"

"नाही. जुनंच आहे. जावयांनी नीट करून दिलं."

चार जणांनी येऊन माझी पाठ थोपटली. शेठ म्हणाले, "हाताला गुण आहे याच्या!" सासूबाई शांतपणे पोती उतरवून घेत होत्या. त्यांनी मला चारचौघांत चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोती उतरल्यावर त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत त्या दहा जणांना स्वतः जाऊन सांगायचं. प्रत्येकाला."

"आई, माझं दुकान बसेल."

"बसू दे."

मी गेलो. शाळामास्तरांपासून सुरुवात केली, कारण मारलंच तर ते पट्टीने मारतील. सगळं ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी फुल पिळायचो तेव्हा..." असं म्हणून ते मधेच थांबले. कसं बोलणार? ते तर निम्म्यावर असायचे ना! शेठचंही तेच. "फसवलंस की रे मला!" म्हणाले, मग आठवलं की फुल म्हणजे किती हे आपल्याला माहीतच नाही, आणि खोकायला लागले. दहाच्या दहा जणांनी मला कधी ना कधी सांगितलं होतं की ते फुल रेसवर जात नाहीत. त्यामुळे एकालाही तक्रार करता येईना. दोघांनी चहा पाजला, एकाने तर आभार मानले. दुकान काही बसलं नाही. मी घरी येताना हसत होतो, आणि अर्ध्या वाटेत हसू आटलं. थापा मारणाऱ्या दहा जणांचं माझ्यामुळे काही बिघडलं नव्हतं. एकट्या सासूबाई खरं बोलल्या होत्या, आणि आठ महिने त्याच एकट्या भोगत होत्या.

दहाही जणांना सांगून झालं हे कळवायला मी रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्या मागच्या अंगणात बादलीशी उभ्या होत्या. एक जाड टॉवेल बादलीत बुडवायचा, बाहेर काढून पिळायचा, पुन्हा बुडवायचा. धुणं दुसरं काही नव्हतं. ओठांनी आकडे मोजत होत्या.

"आई, हे काय?"

"एकोणचाळीस. रोज पन्नास वेळा पिळते. मनगटाला जोर यावा म्हणून." त्यांनी टॉवेल पुन्हा बुडवला. "सहा महिने झाले. थंडीत बोटं सुजायची, तरी करायचे. मला वाटायचं, आज नाही तर उद्या मूठ पुरती वळेल."

सहा महिने. त्या काळात मी रोज या घरावरून जात होतो.

"आता कशाला करता, आई? आता तर केबल..."

"केबल तुम्ही घट्ट केलीत, जावईबापू. उद्या आणखी कुणी ढिली करील. मनगट आपलं असलेलं बरं."

मला माफी मागायची होती. मागच्या रविवारी मी खरं सांगितलं होतं, पण माफी मागितली नव्हती. तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे पाऊण वाक्यावर अडलो.  सासूबाईंनी ओल्या टॉवेलचं एक टोक माझ्यापुढे केलं.

"धरा."

मी दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी दुसऱ्या टोकाला पीळ दिला, एकच, आणि टॉवेल माझ्या हातातून सुटला.